अर्जातला भाषांचा रकाना

भाईंदर पश्चिमेच्या बाजारात पाच मिनिटं उभं राहिलं की मराठी, गुजराती, मारवाडी आणि हिंदी कानांवर पडतात. उत्तनकडे वळलं तर तिथल्या ख्रिस्ती कोळी मंडळींच्या मराठीचा बाज आणखी निराळा. इथलं मूल शाळेत जायच्या आधीच तीन भाषांत भांडू शकतं. पण तेच मूल पुढे परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरायला बसलं की भाषांच्या रकान्यात 'इंग्रजी' लिहून थांबतं.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने हेच केलं होतं. तिला तौलनिक साहित्यात एम.ए. करायचं आहे. मी कादंबऱ्या लिहितो म्हणून अर्ज माझ्याकडे आला. वाचला मात्र मी तो बँकेतल्या सवयीने. आयुष्यभर कर्जाचे अर्ज वाचलेल्या माणसाला विशेषणं दिसली की संशय येतो. अर्जासोबत 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' नावाचं निवेदन लागतं. त्याची सुरुवातच होती, 'मला लहानपणापासून वाचनाची अतोनात आवड आहे.' मी म्हटलं, "अगं, दुकानासाठी कर्ज मागणारा व्यापाराची आवड सांगत बसत नाही. माल कुठला, कुठून आणणार, ते सांगतो."

"पण काका, माझ्याकडे माल कुठे आहे?"

तौलनिक साहित्य म्हणजे शेक्सपिअर मोठा की कालिदास, अशी कुस्ती नव्हे. एका भाषेतली गोष्ट दुसरीत गेली की तिचं काय होतं, हे शक्यतो मूळ भाषांत वाचून शोधायचं. रवींद्रनाथांनी १९०७ मध्ये या विषयावर व्याख्यान दिलं आणि त्याला नाव दिलं 'विश्वसाहित्य'. बुद्धदेव बसूंनी १९५६ साली कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. नवनीता देव सेन तिथल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनी. पुढे त्या हार्वर्डला गेल्या. आपल्या मुंबई विद्यापीठातही गुरुदेव टागोर अध्यासन आहे. वसंत बापट आणि नंतर भालचंद्र नेमाडे यांनी ते सांभाळलं. म्हणजे हे काही अमेरिकेहून आलेलं खूळ नाही.

आणि माल तर तिच्या घरातच होता. तिने आजीबरोबर 'नटसम्राट' पाहिलेलं. शिरवाडकरांचं ते नाटक १९७० चं, त्यावर 'किंग लिअर'ची छाया. २०१६ मध्ये त्यावर मराठी चित्रपट आला आणि २०१८ मध्ये गुजराती. समोरच्या गुजराती काकू तो पाहून रडल्या होत्या. लिअर राजा राज्य वाटतो, आपला बेलवलकर पैसाअडका वाटतो. राजाचा नट का झाला? आणि गुजरातीत जाताना पुन्हा काय बदललं? त्याच्याही मागे आगरकरांचं 'विकारविलसित' आहे, देवलांचा 'झुंझारराव' आहे. शंभर वर्षांहून जुना रस्ता हा!

अडचण एकच होती. गुजराती तिला फाडफाड बोलता येतं, पण वाचता येत नव्हतं. आणि या विषयात वाचता येण्याला किंमत. लिपी तशी ओळखीचीच, शिरोरेषा नसलेली. क, ख, ज अशा काही अक्षरांशी झटापट करावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत ती काकूंकडे बसून गुजराती वर्तमानपत्र वाचायला शिकली. खोटं मात्र लिहायचं नाही, असं मी बजावलं. 'सावकाश वाचते' असंच लिही, म्हटलं.

तिच्या वडिलांचा प्रश्न सरळ होता. यातून नोकरी कसली? प्राध्यापकी, भाषांतर, प्रकाशनसंस्था, एवढंच मी सांगू शकलो. खात्री कशाचीच नाही. अमेरिकेत पीएच.डी.ला बहुधा शुल्क माफ होतं, शिकवण्याच्या बदल्यात विद्यावेतन मिळतं, एम.ए.चा खर्च मात्र बहुतेकदा आपल्याच खिशातून. त्यातच २०२५ साली तिकडच्या काही विद्यापीठांनी मानव्यशाखांतले पीएच.डी.चे प्रवेश कमी केले, काहींनी वर्षापुरते थांबवले. अशा वेळी दोन वर्षांच्या एम.ए.साठी राहता फ्लॅट तारण ठेवायला माझा स्पष्ट विरोध आहे. जादवपूर आहे, हैदराबाद विद्यापीठात तौलनिक साहित्याचं केंद्र आहे. खर्च परदेशाच्या मानाने किरकोळ. पीएच.डी.ला जायचं तर मग जावं.

मुलगी थोडी हिरमुसली. तरी परदेशातला एक अर्ज तिने पाठवलाच. वडिलांनी अजून कशालाच होकार दिलेला नाही. जादवपूरच्या प्रवेशाची सूचना कधी निघते, यावर मात्र तेच लक्ष ठेवून असतात. परवा लिफ्टमध्ये भेटले तेव्हा हळूच विचारत होते, "तिकडे बंगाली शिकावं लागेल का हो?"