एका दगडी पेटीतली माणसं

टबातल्या पाण्यात खापर बुडवायचं, मऊ ब्रशनं हलकेच चोळायचं, सावलीत वाळवायचं. मग आतल्या बाजूला बारीक शाईनं स्थळ, खड्डा, थर, क्रमांक. लोखंडाला मात्र पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. हैदराबादेत महापाषाणीय दफनांतल्या वस्तूंचं हे काम मी शेजारी बसून पाहत होतो. हशमतपेठ, मौला अली, गच्चीबावलीतलं विद्यापीठाचं आवार अशा ठिकाणी, चारमिनारच्या (1591) कितीतरी शतकं आधी, लोकांनी मृतांसाठी दगडांची वर्तुळं रचली आणि आत शिळांच्या पेट्या बसवल्या.

टेबलावर काठाची खापरं वेगळी पडतात. काठावरून कळतं, वाडगा की झाकण. बहुतेक काळी-तांबडी, भांडं पालथं भाजलं की आतून नि काठाशी काळं होतं. पण ही भांडी ठेवणाऱ्यांवर राज्य कोणाचं होतं, हे खापर सांगत नाही.

सिद्दिपेट जिल्ह्यात नर्मेट्याला पेटीवरची शिळा चाळीस टनांहून जड निघाली. ती उचलायला क्रेन आणावी लागली. एवढं ओझं म्हणजे राजाचा हुकूम, असं चटकन वाटतं. मला ते पटत नाही. अंगामी नागांच्या गावात सगळ्यांना जेवू घालून मान मिळवणारा माणूसही गावाकडून मोठाले दगड ओढवून घेई. खासी लोक आईच्या कुळातल्यांच्या अस्थी एकाच दगडी कोठीत ठेवत. दगड तसेच, समाज निराळे.

शिरूरजवळच्या इनामगावला डेक्कन कॉलेजला घरं आणि दफनं दोन्ही मिळाली. मोठ्यांना पुरताना तिथं सहसा घोट्याखालचे पाय तोडत. पण धान्यकोठाराशेजारच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या रांजणात बसवलेल्या पुरुषाचे पाय शाबूत होते. तिथं मुखिया होता असं म्हणायला जागा आहे, कारण त्याचं घर आपल्यासमोर आहे. तेलंगणात दफनांच्या मानानं वस्त्या फार थोड्या सापडल्यात.

म्हणून मला हाडांची काळजी वाटते. प्राचीन डीएनए तपासणारी सीसीएमबी ही संस्था हैदराबादेतच आहे. एका पेटीतल्या सगळ्यांची मातृवंशरेषा एक निघाली, तर आईचं कूळ असण्याची शक्यता वाढते; पुरुष एका पितृवंशाचे आणि बायका निरनिराळ्या मातृवंशांच्या असतील, तर सुना बाहेरून येत असाव्यात. मात्र दख्खनच्या उष्ण जमिनीत डीएनए फार टिकत नाही, आणि शहराचं बांधकाम तर वर्तुळाजवळ येऊन थांबतही नाही.