आणे पठारावरील बेरोजगारी

आणे पठारावरील बेरोजगारी ही पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील आणे, नळवणे, शिंदेवाडी, पेमदरा व आनंदवाडी या गावांची जुनी समस्या आहे. हे पठार तालुक्याच्या पूर्व भागात, पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. येथील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून असल्यामुळे बेरोजगारीचे स्वरूप हंगामी आहे. पेरणी ते काढणी या काळात माणसे अपुरी पडतात आणि खळे उरकले की तीच माणसे रिकामी होतात. त्यामुळे पठारावरील बेरोजगारीचा इतिहास हा बराचसा स्थलांतराचा इतिहास आहे.

मोजणीतील अडचण

जनगणनेत वर्षातून सहा महिने वा अधिक काळ काम करणाऱ्यास मुख्य कामगार आणि त्याहून कमी काळ काम करणाऱ्यास सीमांतिक कामगार म्हणतात. चार महिने बाजरीच्या शेतात राबून उरलेले आठ महिने काम शोधणारी व्यक्ती या व्याख्येनुसार कामगारच ठरते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या साप्ताहिक निकषात तर आठवड्यातून एक तास केलेले कामही पुरेसे असते. दांतवाला समितीने १९७० साली बेरोजगारीचा एकच सरसकट आकडा अपुरा असल्याचे दाखवले. त्यानंतर १९७२-७३ च्या पाहणीपासून नेहमीची, साप्ताहिक व दैनिक स्थिती असे निकष वापरात आले. त्यांपैकी हंगामी रिकामपण दैनिक स्थितीत सर्वाधिक स्पष्ट दिसते. मात्र अशा नमुना पाहण्यांमधून एकेका गावाचा दर काढता येत नाही. जो गाव सोडून गेला, तो गावच्या हिशेबातूनही जातो.

दुष्काळ आणि रोजगार हमी

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर दुष्काळी कामे निघाली. मे १९७३ मध्ये राज्यातील या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव व बांधबंदिस्ती ही त्या काळची कामे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने आधार मिळाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणाऱ्यास काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. केंद्राचा तत्सम कायदा त्यानंतर २६ वर्षांनी, २००५ मध्ये आला.

मुंबईची वाट

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतून मुंबईस जाण्याची परंपरा जुनी आहे. गिरण्या, गोदी, भाजीबाजार आणि हमाली ही ठिकाणे गावकऱ्यांच्या ओळखीवर मिळत. हमालीच्या कामाला १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे, नोंदणी व भविष्य निर्वाह निधीचे संरक्षण दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सामील झाले. अनेकांच्या नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत आणि गिरणीच्या पगारातून गावी येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या. कोणत्याही गावाच्या बेरोजगारीच्या आकड्यात हा धक्का नीट उमटलेला नाही.

कालवा आणि पठार

कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी येडगाव, माणिकडोह, वडज व पिंपळगाव जोगे ही चार जुन्नर तालुक्यात असून डिंभे आंबेगावात आहे. या पाण्याने नारायणगाव परिसरात ऊस, द्राक्षे व टोमॅटोची शेती वाढली आणि मजुरांना वर्षभर मागणी निर्माण झाली. हेच पाणी कालव्यांतून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत व करमाळ्यापर्यंत जाते. पठार मात्र उंचावर असल्यामुळे प्रवाही सिंचनाच्या बाहेर राहिले. कालवा शेजारच्या जिल्ह्यात पोहोचला, पण आणे घाट चढू शकला नाही. परिणामी एकाच तालुक्यात एका बाजूस मजुरांची टंचाई आणि दुसऱ्या बाजूस कामाची टंचाई अशी स्थिती दिसते, आणि तालुक्याच्या सरासरीत ती दोन्ही झाकली जातात.

अलीकडील काळात कल्याण–नगर मार्गावरील वाहतूक, आळेफाटा येथील बाजारपेठ, दुग्धव्यवसाय व शेळीपालन यांनी काही रोजगार दिला आहे. पदवीधर तरुणांची अडचण वेगळी आहे. त्यांना मजुरी नको असते आणि पगाराची नोकरी जवळ नसते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून खेड्यांकडे परतलेल्यांचा भारही शेतीवरच पडला. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेसारख्या उपायांनी पाणी साठवण्याची सोय होऊ शकते. तथापि शेततळे भरण्यासाठीही आधी पाऊस वा पाणी लागते, आणि म्हणूनच कुकडीचे पाणी उपसा सिंचनाने पठारावर आणण्याची मागणी येथे रोजगाराची मागणी म्हणूनही केली जाते.