बाहुलीघराची पहिली जुळणी

बाहुलीघर हे नावाने खेळणे असले, तरी त्याची घडण घराचीच असते. त्याला जोते, भिंती, मजले, जिना, खिडक्या आणि छप्पर असते, व या सर्वांचे परस्परांशी असलेले नाते खऱ्या घरातल्यासारखेच असते. फरक एकच, पण तो मूलगामी आहे. खरे घर बांधणारा गवंडी घराच्या आत उभा राहून काम करू शकतो. बाहुलीघर जुळवणारा सदैव बाहेर असतो. आत जातो तो केवळ त्याचा हात, आणि तोही वाट असेल तेथेच. लाकडी संचापासून बाहुलीघर प्रथमच जुळवणाऱ्याला ज्या अडचणी येतात, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

कपाटापासून संचापर्यंत

युरोपातील आरंभीची बाहुलीघरे मुलांच्या हाती देण्यासाठी नव्हती. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५८ च्या सुमारास करवून घेतलेले घर हे नोंद असलेल्या सर्वांत जुन्या बाहुलीघरांपैकी एक होय. ते आज अस्तित्वात नाही. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये पेट्रोनेला ऑर्टमन या श्रीमंत गृहिणीने १६८६ ते १७१० च्या सुमारास सजवलेले घर जतन केलेले आहे. ते वस्तुतः एक मोठे कपाटच आहे. त्याची दारे उघडली की सर्व खोल्या एकदम समोर येतात. हात आत कसा पोहोचावा, या प्रश्नाचे हे सर्वांत सोपे उत्तर होते.

राष्ट्रपती भवनाचे वास्तुशिल्पज्ञ एडविन ल्युटेन्स यांनी नवी दिल्लीचे काम चालू असतानाच, १९२१ ते १९२४ या काळात, इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एक बाहुलीघर उभारले. ते आज विंडसरच्या राजवाड्यात आहे. त्यात विजेचे दिवे लागतात आणि नळांना पाणी येते. त्याच्या बाहेरच्या भिंतींचे कवच विजेच्या यंत्राने वर उचलले जाते आणि आतल्या खोल्या चारी बाजूंनी उघड्या पडतात. इतक्या मोठ्या कारागिरांनाही तोच जुना प्रश्न सोडवावा लागला होता.

प्लायवुडचे पातळ तक्ते यंत्राने हव्या त्या आकारात कापता येऊ लागल्यावर घराचे सुटे भाग संचाच्या रूपाने विकणे शक्य झाले. ब्रिटनमधील संचांत बहुधा जाड फळ्या आणि त्यांत पाडलेल्या खोबणी असतात, व घराची दर्शनी बाजू दारासारखी उघडते. अमेरिकेत पातळ प्लायवुडचे संच अधिक प्रचलित झाले. त्यांत तक्त्याची जाडी सुमारे ३ मिलिमीटर असते, एका भागाचे कुसू दुसऱ्या भागाच्या खाचेत बसते आणि घराची मागची बाजू उघडी ठेवलेली असते. महाराष्ट्रातील भातुकलीत भांडी खरी असतात आणि घर मानलेले असते. या संचांत आधी घर उभे करावे लागते. पुढील विवेचन मुख्यतः अमेरिकी पद्धतीच्या संचाला अनुसरून केले आहे.

एकास बारा

बाहुलीघरांचे सर्वाधिक रूढ प्रमाण एकास बारा हे आहे. खऱ्या घरातील एक फूट येथे एक इंच होतो. १६८ सेंटिमीटर उंचीचा माणूस १४ सेंटिमीटरचा होतो, आणि २१० सेंटिमीटरचे दार साडेसतरा सेंटिमीटरचे. जुळणी करणाऱ्याने हा हिशेब उलट दिशेनेही करून पाहावा. भिंत आणि मजला यांच्यामध्ये १ मिलिमीटरची फट राहिली, तर ती खऱ्या घरातील १२ मिलिमीटरच्या फटीसारखी दिसते. अशा फटीतून बोट आत जाईल. तळाशी राहिलेला किंचित तिरकेपणा प्रत्येक मजल्यागणिक वाढत जातो आणि अखेर छपराचे दोन उतार एकमेकांना मिळेनासे होतात. दोष छपराशी दिसतो, पण त्याचे कारण जोत्याशी असते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. घराचे माप लहान झाले, तरी पदार्थांचे गुणधर्म त्या प्रमाणात लहान होत नाहीत. रंगाच्या थराची जाडी, लाकडाचे तंतू, डिंकाचा थेंब हे सर्व पूर्वीइतकेच राहतात. ३ मिलिमीटरच्या कुसवासाठी तेवढीच खाच कापलेली असते; त्यावर रंगाचे दोन हात बसले की कुसू आत जात नाही. शिवाय डिंक लाकडात मुरून धरतो, रंगावर तो तितका धरत नाही. म्हणून कुसू, खाचा आणि जेथे दोन भाग चिकटायचे आहेत त्या पट्ट्या रंगाविना कोऱ्या ठेवाव्यात.

प्लायवुडचा स्वभाव

लाकूड ओलावा शोषून फुगते व वाळल्यावर आकसते. मात्र ही हालचाल तंतूंच्या लांबीच्या दिशेने नगण्य असते आणि त्यांना आडव्या दिशेने पुष्कळ असते. प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक असे चिकटवलेले असतात की, एकाचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे येतात. पापुद्र्यांची संख्या सामान्यतः विषम ठेवतात, म्हणजे दोन्ही पृष्ठांची ओढ सारखी राहते. हा तोल बिघडला की तक्ता वाकतो. पातळ तक्त्याच्या एकाच बाजूला पाण्यात कालवलेला रंग लावला, तर ती बाजू प्रथम फुगते, मागाहून आकसते आणि तक्ता पन्हळीसारखा होतो. म्हणून दोन्ही बाजूंना अस्तराचा पातळ हात द्यावा आणि तक्ते वाळेपर्यंत सपाट जागी, सर्व बाजूंनी हवा लागेल असे ठेवावेत.

तक्ते कापण्याच्या रीतीवरही काम अवलंबून असते. जुन्या पद्धतीत पोलादी पात्यांचा साचा तक्त्यावर दाबतात. त्याने कडा खरबरीत होतात आणि मागच्या बाजूला लाकडाची सालपटे निघतात. असे भाग बोटांनी जोर लावून सोडवू नयेत. जेथे ते तक्त्याला अडकलेले असतात तेथे दोन्ही बाजूंनी धारदार सुरी फिरवावी. अलीकडच्या संचांत भाग लेसर किरणाने कापलेले असतात. त्यांच्या कडा नेमक्या असतात, पण जळून काळ्या पडलेल्या असतात. ती काजळी रंगातून वर येते आणि जळक्या पृष्ठावर डिंकही नीट धरत नाही. दोन्ही प्रकारांत कडांवर बारीक पॉलिश पेपर फिरवणे आवश्यक ठरते. मात्र कुसू घासताना हात आखडता ठेवावा, कारण तेथून गेलेले लाकूड पुन्हा भरता येत नाही.

डिंकाविना जुळणी

संच उघडताच सर्व भाग सुटे करण्याचा मोह नवशिक्याला होतो. तो आवरावा. तक्त्याबरोबर आलेल्या नकाशावरून प्रत्येक भागाचा क्रमांक त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहावा आणि ज्या भागाची पाळी आली असेल तोच सोडवावा. एकसारखे दिसणारे दोन भाग पुष्कळदा एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असतात, आणि एकदा ते ढिगात मिसळले की डावे-उजवे ओळखणे कठीण होते.

यानंतर संपूर्ण घर एकदा डिंकाविना उभे करावे. भिंती खाचांत बसवून कागदी चिकटपट्टीने धरून ठेवाव्यात. कोणती खाच अरुंद आहे आणि कोणता तक्ता वाकलेला आहे, हे याच वेळी कळते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, घर असे उभे असताना प्रत्येक खोलीत हात घालून पाहावा. जिन्याखालचा कोपरा, पोटमाळ्याचा निमुळता भाग, पुढे आलेल्या खिडकीची आतली बाजू, अशा ज्या जागी बोटे पोहोचत नाहीत त्यांची यादी करावी. ही यादी हाच पुढील कामाचा आराखडा होय.

उलटा क्रम

खऱ्या घरात आधी भिंती उठतात, मग छप्पर पडते आणि गिलावा व रंग सर्वांत शेवटी येतात. बाहुलीघरात हा क्रम उलटावा लागतो. ज्या जागी हात पोहोचणार नाही ती भिंत उभी राहण्यापूर्वीच रंगवावी लागते. फरशीवरील नक्षी मजला आडवा असतानाच काढावी. जिन्याच्या पायऱ्या व कठडा वेगवेगळे रंगवून, मागाहून जोडून, खोली बंद होण्याआधी जागेवर बसवावेत. खिडकीची चौकट रंगवून वाळल्यावरच तिच्यात पारदर्शक पत्रा लावावा. आधी लावल्यास रंगाचे डाग कायमचे राहतात.

दिवे लावायचे असतील तर त्यांचा विचार सर्वांत आधी व्हावा. एकास बारा प्रमाणाच्या घरांत सामान्यतः १२ व्होल्टचा प्रवाह वापरतात. तो रोहित्रातून किंवा योग्य अडॅप्टरमधून घ्यावा. घरगुती वीज थेट आत आणू नये. तांब्याची चपटी पट्टी भिंतीवर चिकटवून तिच्यावर भिंतीचा कागद लावतात. कागद लावल्यानंतर दिव्याची आठवण झाली, तर सजलेली भिंत पुन्हा उकलावी लागते.

डिंक आणि काटकोन

या कामाला पॉलिव्हिनिल ॲसिटेटचा पांढरा डिंक उत्तम. भारतातील सुतार या जातीच्या डिंकाला सरसकट फेव्हिकॉल म्हणतात. तो हळूहळू सुकतो, आणि नवशिक्याला हीच गोष्ट उपकारक ठरते. भिंत सरळ करण्यास काही मिनिटे मिळतात. वितळवून लावायचा डिंक क्षणात धरतो, पण त्याचा जाड थर सांध्यात फट ठेवतो. आंध्र प्रदेशातील कोंडापल्लीचे कारागीर हलक्या लाकडाचे अवयव वेगवेगळे कोरतात आणि चिंचोक्यांचे पीठ व लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने ते जोडतात. हा लगदा जोडतोही आणि सांधाही बुजवतो. संचाच्या कामातही बारीक फट राहिल्यास डिंकात भुसा कालवून ती भरता येते.

डिंक थोडा लावावा, बाहेर आलेला ओल्या फडक्याने लगेच पुसावा. कोपरा गुण्याने तपासावा, चिकटपट्टीने वा रबरी पट्ट्यांनी आवळावा आणि पुन्हा तपासावा, कारण आवळताना काटकोन ढळतो. पहिल्या मजल्याचे सांधे रात्रभर सुकू दिल्याखेरीज दुसरा चढवू नये. संपूर्ण जुळणीत जेथे खरोखर घाई करता येत नाही अशी ही एकच जागा आहे, आणि घाईही बहुधा येथेच होते.

छपरावरील लाकडी चकत्यांना मात्र पाण्याचा डिंक वर्ज्य समजावा. त्या इतक्या पातळ असतात की एका बाजूने भिजताच वळतात. त्यांना पाणी नसलेला डिंक वापरावा. छपरावर समांतर रेघा आखून खालच्या कडेपासून वर जावे, म्हणजे प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीवर चढते. कौले शाकारणाऱ्यालाही हाच क्रम पाळावा लागतो, कारण पाणी वरून खाली वाहते. बाहुलीघरावर पाऊस पडत नसला, तरी उलट्या शाकारलेल्या छपरातील खोटेपणा डोळ्यांना तत्काळ जाणवतो.

पहिल्या जुळणीसाठी दोन-तीन खोल्यांचे, साध्या दुपाखी छपराचे घर निवडणे श्रेयस्कर. बुरूज, सज्जे आणि पुढे आलेल्या खिडक्या असलेले घर चित्रात मोहक दिसते, पण त्यातील प्रत्येक कोपरा हाताची वाट अडवतो. अर्धवट सोडलेल्या मोठ्या घराचे तक्ते माळ्यावर ओलावा खात वाकतात आणि मग ते जुळवणे अनुभवी हातालाही जड जाते. पूर्ण झालेल्या लहान घरात मात्र मुले त्याच संध्याकाळी बाहुल्यांचा संसार मांडू शकतात.