सोयाबीन पिवळे पडले? आधी पान पाहा, मग पोते सोडा



खोडव्यातला केवडा आपण बांधावरूनच ओळखतो. सोयाबीन पिवळे दिसले की मात्र हात थेट युरियाच्या पोत्याकडे जातो. पाऊस उघडल्यावर गटागटांतून फिरताना आम्हाला हे दरसाल दिसते. पैसा जातो आणि पीक पिवळे ते पिवळेच राहते.

पिवळेपणा कोणत्या पानापासून सुरू झाला, हे आधी पाहावे. नत्र, पालाश व मॅग्नेशियम कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवते. म्हणून खालची पाने आधी बिघडतात. सगळे पान फिके झाले तर नत्र, कडा पिवळ्या होऊन करपल्या तर पालाश, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियम कमी समजावे.

लोह व गंधक असे सहजी हलत नाही. तेथे शेंड्याची कोवळी पाने आधी बोलतात. पान शिरांसकट फिके पडले तर गंधक. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, पुढे पांढुरका झाला तर लोह. हाच सोयाबीनचा केवडा.

नत्राची शंका आली तर दोन-चार झाडे खुरप्याने मुळासकट काढा व मुळावरच्या गाठी फोडा. आतून गुलाबी निघाल्या तर झाड हवेतले नत्र घेत आहे. युरिया टाकू नका.

पूर्णाकाठच्या चुनखडीच्या काळ्या रानात लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना लागू होत नाही. पाणी साचले की आणखीच अडते. म्हणून पहिले काम चर काढून पाणी बाहेर घालवणे. मग 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस व 25 ग्रॅम चुन्याची निवळी मिसळून आधी चार तासांवरच फवारा. आठवड्यात पालवी हिरवी झाली तर निदान बरोबर. मग सगळे रान फवारावे.

एखाद-दुसऱ्या झाडावरच पिवळे-हिरवे चट्टे असतील तर तो मोझॅक रोग. तो पांढऱ्या माशीने पसरतो, खताने जात नाही. असे झाड उपटून नष्ट करावे.

याच रानात पुढे ऊस येणार आहे. जे आज सोयाबीनला कमी, ते उद्या उसालाही कमी पडेल. तेव्हा सोयाबीन निघताच मातीचा नमुना तपासून घ्या. अहवालात लोह कमी आले तर उसाला एकरी 10 किलो हिराकस शेणखतात मुरवून द्यावे. आणि पान ओळखता आले नाही, तर ते घेऊन गट ऑफिसात या. दुकानात त्यानंतर जा.