अपरिचयाची व्याधी

१८१९ साली लंडनच्या एका वैद्यकसभेपुढे जॉन बॉस्टॉक नावाच्या डॉक्टराने एका रुग्णाची हकीकत वाचून दाखविली. दरवर्षी जूनच्या सुमारास त्या रुग्णाचे डोळे लाल होऊन झोंबत, शिंकांवर शिंका येत, छाती जखडून जाई. आणि हा रुग्ण म्हणजे खुद्द बॉस्टॉकच होता. पुढील नऊ वर्षे त्याने आपल्या समदुःखी जनांचा कसून तपास केला, तेव्हा त्याला जेमतेम २८ दाखले मिळाले आणि तेही सुखवस्तू वर्गातले. गरिबांत या विकाराचे एकही निःसंशय उदाहरण आपल्या ऐकिवात नाही, असे त्याने नमूद करून ठेविले. आज त्याच देशात गवत फुलोऱ्यावर आले की दर चार-पाच माणसांमागे एकजण रुमाल नाकाशी धरून हिंडत असतो.

ही वाढ खरी की केवळ भासमान, अशी शंका कोणी घेतली तर ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. अंगावर पित्त उठले, आजीने अमसुलाचे पाणी चोळले आणि मामला निकालात निघाला, तर त्याची नोंद कोणत्या दप्तरात व्हावी? परंतु बॉस्टॉकसारखा चिकित्सक मनुष्य नऊ वर्षे शोध घेतो आणि त्याच्या हाती तीसही रुग्ण लागत नाहीत, याचा उलगडा नोंदीच्या हयगयीने होत नाही. आनुवंशिकतेकडे बोट दाखवावे, तर दोन-तीन पिढ्यांत कोणत्याही जातीचे रक्त इतके पालटत नसते. पालटली आहे ती राहणी.

व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने १९०६ साली एखाद्या बाहेरच्या पदार्थाशी गाठ पडल्यावर शरीराच्या बदललेल्या प्रतिक्रियेस ‘ॲलर्जी’ हे नाव दिले. तिचा मुख्य कारभारी इम्युनोग्लोब्युलिन ई हे प्रतिपिंड, त्याचा छडा मात्र १९६० नंतरच्या दशकात लागला. जंतांसारख्या परोपजीवींचा बंदोबस्त हे त्याचे बहुधा मूळचे काम. परगण्यात नव्याने नेमलेल्या, गावकऱ्यांपैकी कोणाशीही तोंडओळख नसलेल्या फौजदाराने भिक्षेकऱ्यालाच दरोडेखोर समजून मुसक्या बांधाव्यात, तसे हे प्रतिपिंड परागकणाला किंवा दाण्याच्या कुटाला शत्रू ठरविते. मग मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटते, आणि शिंका, खाज, धाप हा सारा बखेडा सुरू होतो.

ही तोंडओळख बालपणीच व्हावी लागते, या विचाराला १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन याच्या एका छोट्या निबंधाने चालना दिली. १९५८ च्या मार्च महिन्यातील एका आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासता, ज्याला थोरली भावंडे अधिक त्याला गवताच्या परागांचा त्रास कमी, असे त्यास आढळले. याहून विलक्षण दाखला जर्मनीचा. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले, तेव्हा कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या लाइप्झिग आणि हाले या पूर्वेकडील शहरांतील मुले स्वच्छ म्युनिकच्या मुलांपेक्षा ॲलर्जीने अधिक जर्जर असतील, अशी सर्वांची खात्री होती. एरिका फॉन म्यूटियस यांनी पाहणी केली, ती उलटीच निघाली: खोकला आणि श्वासनलिकेचा दाह पूर्वेकडे जास्त, पण परागज्वर पश्चिमेकडे सुमारे तिपटीने अधिक!

गोठ्याची महती तर याहून सूक्ष्मपणे पारखली गेली आहे. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट हे दोन्ही पंथ मूळचे मध्य युरोपातले, दोन्ही शेतकरी, आहारविहार जवळजवळ सारखा. भेद एवढाच की आमिश कुटुंबे घराशेजारी गाई-घोडे बाळगून जुन्या पद्धतीने शेती करतात, तर हटराइटांची यांत्रिक शेती वस्तीपासून दूर असते. आमिश मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, हटराइटांत सुमारे २१. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दोन्हीकडील घरांतली धूळ गोळा करून उंदरांच्या नाकात घातली, तेव्हा आमिश घरातील धुळीने उंदरांना दम्यापासून वाचविले आणि हटराइट घरातील धुळीने तसे काहीही केले नाही. शेणामातीतील सूक्ष्मजंतूंचे अंश नाकावाटे जात राहिल्याने मुलांची प्रतिकारशक्ती वेळीच शहाणी होते, असा याचा अर्थ लावतात.

म्हणून कोणी हात धुणे सोडून द्यावे, असा याचा अर्थ करणे मात्र धडधडीत अविचार आहे. पटकी किंवा गोवर यांच्याशी जवळीक केल्याने कोणाचे कल्याण झालेले नाही. ग्रॅहम रूक यांनी २००३ साली मांडल्याप्रमाणे, आपल्याला दुरावले आहेत ते मनुष्याच्या सहवासात हजारो वर्षे वाढलेले निरुपद्रवी जीव. बंद खोल्या, वारंवार दिलेली प्रतिजैविके, मोटारींचा धूर, उन्हाळा लांबल्याने लांबलेला परागांचा हंगाम, यांचाही वाटा सांगतात. पण कोणाचा किती, हा हिशेब अद्याप जुळायचा आहे.

शिवाय नुसते मातीत राबल्याने सुटका होते असेही नाही. गाजरगवत पुण्यात दिसू लागल्याची नोंद १९५५ च्या सुमाराची. ते अमेरिकेशी झालेल्या पी.एल. ४८० करारान्वये आलेल्या गव्हाबरोबर आले असा लोकप्रवाद आहे, परंतु तो करार १९५६ चा. तेव्हा या फिर्यादीत तारखांचाच मेळ बसत नाही. कसेही आलेले असो, त्याच्या संपर्काने पापण्या, मान आणि कोपराच्या खळग्या खाजून चिघळलेले रुग्ण बहुधा प्रौढ शेतकरी आणि मजूरच असतात. ही ॲलर्जी वेगळ्या जातीची, दिवस-दोन दिवसांनी उमटणारी.

खाण्याच्या बाबतीत तर वैद्यकानेच आपला हुकूम फिरविला. खिचडीपासून कोशिंबिरीपर्यंत सर्वत्र दाण्याचे कूट घालणाऱ्या महाराष्ट्रीयास नवल वाटेल, पण पाश्चात्य देशांत शेंगदाण्याने प्राणावर बेतणारी मुले वाढू लागली, तेव्हा अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००० साली, ज्यांना धोका अधिक अशा मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणा देऊच नये, असा सल्ला दिला. पुढे लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० तान्ह्या मुलांचे दोन गट करून एकास दाणा वर्ज्य केला आणि दुसऱ्यास नियमित चारला. पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्यांत १७ टक्क्यांना दाण्याची ॲलर्जी निघाली, खाणाऱ्यांत अवघ्या ३ टक्क्यांना. २०१५ च्या या निष्कर्षानंतर जुना सल्ला पूर्ण उलटला. मात्र तीव्र इसब असलेल्या बाळावर हा प्रयोग घरच्या घरी न करता आधी डॉक्टरांकडून परीक्षा करून घ्यावी, आणि दाणा द्यावयाचा तो पाण्यात वा दुधात कालवून पातळ केलेला. अख्खा दाणा तान्ह्याच्या घशात अडकतो, तो धोका ॲलर्जीहून निराळा आणि पुष्कळ जुना आहे.