ऊर्जा-सदृशीकरणातील आंतरविभागीय खिडकी : स्वरूप व मांडणी

इमारतीस लागणाऱ्या ऊर्जेचा अंदाज बांधकामापूर्वी घेण्यासाठी संगणकीय सदृशीकरणाचा अवलंब केला जातो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने डीओई-२ व ब्लास्ट या पूर्वीच्या प्रणालींच्या आधारे विकसित केलेली ‘एनर्जीप्लस’ ही आज्ञावली २००१ मध्ये उपलब्ध झाली. तीत इमारतीचे ‘झोन’, म्हणजेच औष्णिक विभाग, पाडले जातात व सामान्यतः प्रत्येक विभागातील हवेचे तापमान सर्वत्र समान मानले जाते. बाह्य खिडकीची मांडणी तुलनेने सोपी आहे. दोन विभागांमधील खिडकीची मांडणी मात्र अनेकदा चुकते.

काचा लावून बंद केलेली बाल्कनी व तिला लागून असलेले शयनगृह हे आपल्याकडील परिचित उदाहरण. मधली खिडकी ३ चौ.मी. व एकेरी काचेची आहे असे समजू. दोन्ही बाजूंना स्थिर हवा असल्याने तिच्यातून प्रति चौ.मी., प्रति अंश सुमारे ४ वॅट उष्णता वाहते. तीच खिडकी उघड्यावर असती तर वाऱ्यामुळे सुमारे ६ वॅट. दुपारी खोली २६°, बाल्कनी ३६° व बाहेरची हवा ३२° से. असेल, तर योग्य मांडणीत १२० वॅट उष्णता आत येते. खिडकी ‘बाह्य’ म्हणून नोंदवल्यास १०८ वॅट. फरक किरकोळ वाटतो, आणि नेमकी येथेच फसगत होते. रात्री बाल्कनी २९° व बाहेर २४° असताना खरी खिडकी ३६ वॅट आत आणते, तर चुकीची तितकीच उष्णता बाहेर टाकते. वातानुकूलन यंत्राची क्षमता अशा आकड्यांवरून ठरवली जाते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

योग्य मांडणीसाठी एकच खिडकी दोनदा, प्रत्येक विभागातील भिंतीवर एकदा, नोंदवावी लागते. दोन्ही भिंतींनी व दोन्ही खिडक्यांनी परस्परांची नावे सीमेच्या रकान्यात द्यावयाची असतात. क्षेत्रफळ समान हवे. शिरोबिंदूंचा क्रम व काचेच्या थरांचा क्रम मात्र परस्परविरुद्ध.

सूर्यप्रकाशाबाबत अधिक दक्षता हवी. ‘फुल एक्स्टिरियर’ या पर्यायात बाल्कनीत आलेले सर्व थेट ऊन जमिनीवरच पडते असे गृहीत धरले जाते. मधल्या खिडकीपर्यंत केवळ विसरित प्रकाश पोहोचतो. ‘फुल इंटिरियर अँड एक्स्टिरियर’ निवडल्यास थेट किरणही तिच्यावर पडतात, परंतु त्यासाठी विभाग बहिर्वक्र असावा लागतो. शिवाय शयनगृहात उतरलेले ऊन पुढे विसरित मानले जाते. खाटेवर पडणारा उन्हाचा पट्टा आज्ञावलीला दिसत नाही!

खिडकी उघडी आहे असे मनात धरल्याने हवा वाहत नाही. त्यासाठी ‘झोन मिक्सिंग’ (हे एकाच दिशेचे), ‘क्रॉस मिक्सिंग’ किंवा वायुप्रवाहाचे स्वतंत्र जाळे द्यावे लागते. पडद्यांचे नियंत्रण केवळ बाह्य खिडक्यांनाच लागू होते. काचच नसलेल्या मोकळ्या कमानीसाठी खिडकी योजू नये. तिच्याकरिता २०१९ पासून ‘एअर बाउंडरी’ हा वेगळा घटक उपलब्ध आहे.