पाण्यात बुडणारे लाकूड, जहाजांना तारणारे लाकूड

लाकूड पाण्यावर तरंगते, हा सर्वसामान्य अनुभव आहे. वेस्ट इंडीज बेटांवर आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर वाढणारा एक लहानखुरा, निळ्या फुलांचा वृक्ष मात्र याला अपवाद ठरतो. त्याच्या गाभ्याचा तुकडा पाण्यात टाकला, तर तो थेट तळ गाठतो. व्यापारात हे लाकूड 'लिग्नम व्हायटी' या लॅटिन नावाने ओळखले जाते. त्याचा अर्थ 'जीवनाचे लाकूड'. ते 'ग्वायकम ऑफिसिनाले' आणि 'ग्वायकम सँक्टम' या दोन प्रजातींपासून मिळते. पैकी पहिलीचे फूल हे जमैकाचे राष्ट्रीय फूल, तर दुसरी हा बहामाचा राष्ट्रीय वृक्ष होय.

एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलो असते. तेवढ्याच आकाराचे सागवान साधारण साडेसहाशे किलो भरते, तर लिग्नम व्हायटी १,२०० किलोंच्या आसपास. कठीणपणात ते सागवानाच्या सुमारे चौपट आहे. त्याचे तंतू सरळ नसून एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे ते सहजासहजी चिरफळत नाही. पण रंधा मारणाऱ्या सुताराची मात्र कसोटी पाहते. त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा राळेचा असतो. ही राळ लाकडाला कुजण्यापासून वाचवते आणि घर्षण होताच वंगणाचेही काम करते.

'जीवनाचे लाकूड' हे नाव पडले ते औषधी कीर्तीमुळे. सोळाव्या शतकात युरोपात उपदंशाने थैमान घातले. आपल्याकडील वैद्यकग्रंथांत त्याला फिरंगरोग म्हटले गेले. या लाकडाचा काढा त्यावर रामबाण असल्याची समजूत पसरली. जर्मन विद्वान उलरिख फॉन हुटेन याने १५१९ मध्ये या उपचाराची थोरवी सांगणारा ग्रंथच लिहिला. पण १५२३ मध्ये त्याच रोगाने त्याचा अंत झाला.

लाकडाचे खरे सामर्थ्य सिद्ध झाले ते यंत्रांत. इंग्लंडचा घड्याळजी जॉन हॅरिसन याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या लाकडी घड्याळांत त्याचे भाग बसवले आणि तेल न घालता चालणारी घड्याळे साकारली. पुढे पंख्याने चालणारी वाफेची जहाजे आली, तेव्हा नवाच पेच उभा राहिला. पंख्याचा दांडा जहाजाच्या बुडातून जेथे बाहेर पडतो, तेथील धातूची बेअरिंग भराभर झिजत आणि पाणी आत शिरण्याचा धोका निर्माण होई. ग्रिनिचचे अभियंते जॉन पेन यांनी १८५४ मध्ये त्यावर तोडगा काढून पेटंट घेतले. बेअरिंगच्या आत लिग्नम व्हायटीच्या पट्ट्या बसवायच्या, त्यांच्यात खाचा ठेवायच्या आणि त्यातून समुद्राचे पाणी खेळू द्यायचे. पाणी आणि राळ यांनी मिळून वंगण पुरवले. पुढे शतकभर जगातील जहाजे या लाकडाच्या आधाराने फिरली.

रबर आणि कृत्रिम पदार्थ आल्यावर जहाजांतील ही मागणी ओसरली. काही जलविद्युत केंद्रांत मात्र टर्बाइनसाठी ही बेअरिंग आजही वापरली जातात. तेल लागत नाही, म्हणून नदीत तेल सांडण्याचा प्रश्नच येत नाही. क्रिकेटरसिकांच्याही हे लाकूड नकळत पाहण्यात आले असेल. सोसाट्याच्या वाऱ्यात यष्टींवरच्या बेल्स उडू नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या जड बेल्स परंपरेने याच लाकडाच्या. शौचातील अदृश्य रक्त शोधण्याच्या जुन्या चाचणीचा कागदही याच झाडाच्या राळेने माखलेला असतो. रक्त असल्यास हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब पडताच तो निळा होतो.

एवढे गुण झाडाच्याच मुळावर उठले. हा वृक्ष अत्यंत सावकाश वाढतो. जाडजूड खोड तयार होण्यास अनेक पिढ्या जाव्या लागतात. तोड मात्र चार शतके अखंड चालली. त्यामुळे वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात, अर्थात 'साइट्स'च्या दुसऱ्या परिशिष्टात, १९७५ मध्ये 'सँक्टम'चा आणि १९९२ मध्ये 'ऑफिसिनाले'चा समावेश झाला. २००३ पासून संपूर्ण ग्वायकम कुळी या यादीत आहे. परवान्याविना या लाकडाची निर्यात करता येत नाही.

मग व्यापाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतील बुलनेशिया या नातलग वृक्षांकडे मोर्चा वळवला. त्यांचे लाकूड गुणांत बरेचसे तसेच, आणि अनेकदा त्याच नावाने विकले जाते. परिणाम अपेक्षितच होता. त्यांपैकी 'बुलनेशिया सार्मिएंटोई' या प्रजातीलाही २०१० मध्ये त्याच परिशिष्टात स्थान द्यावे लागले. एका झाडाला संरक्षण मिळाले की कुऱ्हाड शेजारच्या झाडाकडे वळते, हा यातला धडा. पर्यायी लाकूड शोधणे सोपे असते; पण तेही एखाद्या जंगलातूनच येत असते, याचे भान ग्राहकाने ठेवणे अगत्याचे आहे.